मॉड्यूल बदलण्याआधी ते बेअरिंग उलटं बसलंय का बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गाडी चिपळूणला, सहा वर्षं जुनी. पुढच्या डाव्या चाकातून घरघर यायची म्हणून व्हील बेअरिंग बदललं. घरघर गेली, पण त्याच संध्याकाळी एबीएसचा आणि घसरत्या गाडीचं चित्र असलेला ट्रॅक्शन कंट्रोलचा, असे दोन पिवळे दिवे लागले. हिल होल्डही, म्हणजे चढावर गाडी मागे घसरू न देणारी सोय, बंद पडला. स्कॅनरवर ‘पुढचं डावं चाक, स्पीड सेन्सर, सिग्नल नाही’ असा कोड आला. गॅरेजवाल्यांनी ३,२०० रुपयांचा नवा सेन्सर टाकून कोड पुसला. गाडी गेटपर्यंत ठीक, रस्त्याला लागली की दिवे हजर. आता ते म्हणतात, एबीएस मॉड्यूल, म्हणजे एबीएसचा मेंदू, गेलं, ४८,००० लागतील. तुम्हाला तीन गोष्टी हव्यात: मॉड्यूल खरंच गेलंय का, तोवर कुंभार्ली घाट उतरायचा-चढायचा की नाही, आणि ट्रॅक्शन बंद करायचं बटण दाबून ठेवलं तर चालेल का.

मी सांगलीत वीस-बावीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, त्यातलं निम्मं आता एबीएसचंच असतं. गाडी डोळ्यांनी न बघता छातीठोक सांगायला मी काही पोपटवाला ज्योतिषी नाही. गाडीत मागच्या वर्षी पुराचं पाणी शिरलं होतं का, बेअरिंग कुठल्या बनावटीचं टाकलं, वायर कुठून ओढून घेतली, यावर बरंच ठरतं. तरी तुम्ही लिहिलेल्या तपशिलावरून पैज लावायची तर मी मॉड्यूलवर एक रुपया लावणार नाही. माझा संशय त्या नव्या बेअरिंगवर आहे.

का, ते सांगतो. ट्रॅक्शन कंट्रोल नावाची वेगळी वस्तू गाडीत नसतेच. चार चाकांवरचे चार स्पीड सेन्सर, एबीएसचा पंप आणि त्याच्या डोक्यावर बसलेलं मॉड्यूल, एवढाच संसार; त्याच सामानाकडून दोन-तीन कामं करून घेतात. ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ द्यायचं नाही, हे एबीएसचं काम. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर चाक जागच्या जागी फिरायला लागलं तर त्या एका चाकाला ब्रेक लावायचा आणि इंजिनाला ‘जरा दमानं’ असा निरोप धाडायचा, हे ट्रॅक्शन कंट्रोलचं. चिखलात डावं चाक गरगर फिरत असतं आणि उजवं थंड उभं असतं, ते तुम्ही पाहिलं असेल. डिफरन्शियलचा स्वभावच तसा आहे, ज्याला अडवणारं कोणी नाही त्याच्याकडे तो धावतो. फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लागला की उजव्यालाही जोर मिळतो.

हे सगळं चार चाकांच्या वेगाची तुलना करून चालतं. चारांतल्या एकाची खबर येईनाशी झाली की मॉड्यूल अंदाजपंचे काम करत नाही. एबीएस, ट्रॅक्शन, हिल होल्ड सगळं बंद ठेवून दिवे लावतं. म्हणजे दिवा लावणारं मॉड्यूल बहुतेक वेळा शाबूत असतं, खबऱ्या हरवलेला असतो. ‘दिवा एबीएसचा, म्हणजे एबीएसचं युनिट गेलं’ हा निष्कर्ष मी इतक्यांदा ऐकलाय की आता हसूही येत नाही.

आता तुमच्या कोडकडे या. ‘सर्किट उघडं किंवा शॉर्ट’ आणि ‘सिग्नल नाही’ हे दोन वेगळे कोड आहेत आणि फरक मोलाचा आहे. वायर तुटली, कपलर (वायर जोडायचा प्लग) सुटला, सेन्सर जळला, तर मॉड्यूलला चावी फिरवल्या फिरवल्या कळतं, कारण त्या वायरीतून जाणारा करंट ते सतत मोजत असतं. गाडी जागेवर उभी असली तरी दिवा विझत नाही. तुमचं तसं नाही. कोड पुसल्यावर दिवे विझतात आणि गाडी काही मीटर चालल्यावर लागतात. म्हणजे वायर, सेन्सर आणि मॉड्यूलचं वीज पाठवण्याचं काम ठीक दिसतंय. बाकीची तीन चाकं फिरतायत आणि चौथ्याकडून ठोके येत नाहीत, हे मॉड्यूलला गाडी हलल्यावरच कळतं. ठोके पाडणारी वस्तू कुठे असते? सहा वर्षांपूर्वीच्या बहुतेक गाड्यांत ती बेअरिंगमध्येच असते.

पूर्वी सीव्ही जॉइंटवर, म्हणजे एक्सलच्या चाकाकडच्या सांध्यावर, दात्यांचं लोखंडी कडं असायचं, ते नुसत्या डोळ्यांनी दिसायचं. आता बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलवरच चुंबकाची पातळ पट्टी बसवलेली असते, उत्तर-दक्षिण, उत्तर-दक्षिण अशी आळीपाळीने. बऱ्याच गाड्यांत अशा ४८ जोड्या असतात. चाक एकदा फिरलं की सेन्सर ४८ ठोके मोजतो. ताशी ३६ किलोमीटरला साधारण चाकाचे पाच फेरे सेकंदाला, म्हणजे २४० ठोके. पट्टी आणि सेन्सरचं टोक यांत जेमतेम मिलिमीटरभर अंतर. ही पट्टी दिसायला साधं काळं-तपकिरी रबर वाटते. दुसऱ्या बाजूचं सीलही तसंच दिसतं. आणि बेअरिंग नकलमध्ये (चाकामागचा जो भाग बेअरिंग आणि सेन्सर धरून ठेवतो त्यात) कुठल्याही बाजूने दाबलं तरी बिनबोभाट बसतं. बेअरिंग अडवून धरणारी सर्कलिप लागते, चाक ज्यावर बसतं तो हब बसतो, चाक मऊ फिरतं, घरघर जाते. फक्त पट्टी सेन्सरकडे पाठ करून बाहेर डिस्कच्या दिशेला तोंड करून बसते.

हे मला पुस्तकात वाचून कळलेलं नाही. मी स्वतः उलटं बसवून घेतलंय. चुंबकपट्टीची बेअरिंगं आमच्याकडे नुकती यायला लागली होती, लेथवाल्याकडे नकल आणि बेअरिंग पाठवलं, त्याने पन्नास वर्षांच्या सवयीने दाबून दिलं. मी दोन सेन्सर स्वतःच्या खिशातून घेतले, वायर दोनदा तपासली, गिऱ्हाईक रोज येऊन चहा पिऊन जायचं. शेवटी स्टेपलरची पिन हातात घेऊन सेन्सरच्या भोकात धरली, तेव्हा कळलं की आत ओढणारं काहीच नाही. त्यामुळे तुमच्या गॅरेजवाल्यांना चोर ठरवू नका. चूक प्रामाणिक असू शकते. मॉड्यूलचं एस्टिमेट मात्र घाईचं आहे.

आता तपास. पहिल्या पायरीला खर्च नाही. डावा पुढचा सेन्सर नकलमधून काढा. एका बोल्टचा असतो, पण गंजून बसला असेल तर पान्याने पिळू नका, प्लास्टिक आत तुटतं आणि मग अर्धा दिवस जातो. गंज सोडवणारं तेल मारून अर्धा तास थांबा, हळूहळू डावीकडे-उजवीकडे हलवा. काढल्यावर भोकातून टॉर्च मारून आतली बाजू बघा आणि दोऱ्याला बांधलेली साधी स्टेपलर पिन आत सोडा. चुंबकपट्टी समोर असेल तर पिन हलकीशी का होईना, चिकटते. नुसतं लोखंड असेल तर चिकटत नाही. पिन आधी कुठल्या चुंबकाला लागलेली नसावी, नाहीतर ती सगळ्यालाच चिकटेल आणि तुम्ही मला शिव्या द्याल. उजव्या चाकावरही तेच करून बघा, म्हणजे ‘चिकटणं’ म्हणजे किती ते हाताला समजेल. काही दुकानांत चुंबकाचे पट्टे दाखवणारं हिरवं कार्ड मिळतं. ते असेल तर शंकाच राहत नाही.

दुसरी पायरी मला सगळ्यात आवडते, कारण वाद एका मिनिटात मिटतो. तुमच्या गाडीचं योग्य नंबरचं नवं बेअरिंग दुकानातून आणा (ते कदाचित लागणारच आहे). सेन्सर वायरीला जोडलेलाच ठेवून नकलच्या बाहेर लोंबू द्या. चावी ऑन, इंजिन बंद, स्कॅनरवर चारही चाकांचा वेग उघडा. आता बेअरिंगची चुंबकाची बाजू सेन्सरच्या टोकासमोर अगदी जवळ धरून आतली रिंग हाताने फिरवा. सेकंदाला एक फेरा दिलात तर स्क्रीनवर डाव्या पुढच्या चाकाला ताशी पाच-सात किलोमीटर दिसायला हवेत. दिसले, तर सेन्सर चांगला, वायर चांगली, कपलर चांगला आणि ४८,००० चं मॉड्यूलही चांगलं. चौघांना एकाच वेळी क्लीन चिट. उरलं ते नकलमध्ये बसलेलं बेअरिंग.

स्कॅनर मात्र एबीएसमध्ये शिरणारा हवा. मोबाइलला जोडायचं स्वस्तातलं ब्लूटूथ यंत्र बहुतेक वेळा इंजिनाचे, म्हणजे ‘पी’ने सुरू होणारे कोडच वाचतं. तुमचा कोड ‘सी’चा, चासीचा आहे. त्या यंत्रावर ‘कोड नाही’ आलं म्हणून बिनघोर होऊ नका.

पिन चिकटली आणि बेअरिंग फिरवूनही आकडा शून्यच, असं झालं तर मी चुकलो, आणि मग वायरीच्या मागे लागायचं. चाकाजवळच्या कपलरवर सेन्सर काढून, चावी ऑन ठेवून दोन पिनांमध्ये डीसी व्होल्ट मोजा. बहुतेक गाड्यांत बॅटरीच्या जवळपास व्होल्टेज मिळतं. मिळालं तर मॉड्यूल आपलं काम करतंय. नाही मिळालं तर तिथून वर वर जा. इथे एक चूक सर्रास होते: लोक नव्या पद्धतीच्या सेन्सरला ओहमवर मीटर लावतात, आकडा विचित्र येतो आणि सेन्सर नापास करतात. ओहमने तपासायचे ते जुने, नुसत्या कॉइलचे. तुमच्या सेन्सरच्या आत इलेक्ट्रॉनिक्स आहे. तो करंटने बोलतो, साधारण ७ आणि १४ मिलिअँपिअरमध्ये वर-खाली. त्याला ओहमने विचारून उपयोग नाही. म्हणून माझा अंदाज आहे की तुमचा जुना सेन्सरही जिवंत असेल. मागून घ्या आणि डिकीत ठेवा.

वायर बघताना चिपळूणची हवा लक्षात ठेवा. कोकणातल्या गाड्यांत मला कपलरच्या पिनांवर हिरवट गंज हमखास सापडतो, पाणी वायरीच्या आवरणातून केशनळीसारखं चढत आत जातं. बाहेरून वायर टवटवीत, आत तांब्याची काळी भुकटी. दुसरे उंदीर. एका डॉक्टरांच्या गाडीला दोन गॅरेजांनी तीन सेन्सर टाकले होते. बोनेटखाली बॅटरीच्या ट्रेमागे सापडलं ते शेंगांच्या टरफलांचं घरटं आणि अर्ध्यात कुरतडलेली वायर. जोड द्यायचाच झाला तर वायर जिथे स्टिअरिंगबरोबर वळते तिथे देऊ नका, तिथे सोल्डरच्या कडेला ती पुन्हा तुटते. दोन वायरींचा पीळ असेल तर तो तसाच राखा आणि आतून गोंद असलेली श्रिंक नळी वापरा. नुसती काळी टेप एक पावसाळा काढते.

मॉड्यूल कधीच जात नाही असं नाही. पण त्याची लक्षणं वेगळी. स्कॅनरला एबीएस सापडतच नाही, किंवा कोड पंपमोटरचा, व्हॉल्व्हचा, आतल्या बिघाडाचा येतो, किंवा चारही चाकं एकदम बेपत्ता होतात. तेव्हासुद्धा आधी बोनेटखालच्या डब्यातले त्याचे मोठे फ्यूज आणि मग अर्थिंग बघायचं. एकदा मी घाईत एका गाडीचं मॉड्यूल गेलं असं सांगून बसलो होतो, आणि निघाला गंजलेला अर्थचा बोल्ट. घासून, कसून दिला. त्या गिऱ्हाइकाला मी आधीच आकडा सांगितला होता, ते आठवलं की अजून कसंतरी होतं. एका चाकाच्या ‘सिग्नल नाही’वरून मॉड्यूल ठरवायचं तर आधीचं सगळं निर्दोष सुटायला हवं. आणि कुर्ल्याच्या भंगारातून जुनं आणून टाकू म्हणाले तर विचारा, कोडिंग कोण करणार आणि पंपातली हवा स्कॅनरने कोण काढणार. सारखं दिसणारं युनिट सारखं असतंच असं नाही.

आता दुरुस्ती. बेअरिंग उलटं निघालं तर तेच काढून सुलटं बसवून चालणार नाही. दाबून काढताना सगळा जोर गोळ्यांवरून जातो आणि त्यांच्या वाटेवर खड्डे पडतात. दोन महिन्यांत घरघर परत येईल. नवंच टाकायचं. दुकानातच दोन्ही बाजूंना पिन लावून बघा, एकाही बाजूला चिकटली नाही तर ते बिनाचुंबकाचं आहे, परत करा. मापाने तंतोतंत तेच, पण पट्टी नसलेलं बेअरिंग गळ्यात मारलं जातं, विशेषतः पाकिटावर नाव भलतंच भारी असेल तेव्हा. पिन चिकटणाऱ्या बाजूवर मार्करने ‘सेन्सर’ असं लिहून लेथवाल्याच्या हातात द्या, आणि शक्य असेल तर दाबताना समोर उभे राहा. नकलमध्ये बसवताना जोर बाहेरच्या रिंगवर, हब दाबताना आतल्या रिंगला टेकू. हातोडी नाही. चुंबकाच्या बाजूला चुंबकी टोकाचा स्क्रूड्रायव्हर लावायचा नाही, लोखंडाचा कीस चिकटू द्यायचा नाही. सेन्सरची बैठक ब्रशने गंज काढून साफ करायची. तिथे गंजाचा पापुद्रा फुगला तरी सेन्सर वर उचलला जातो आणि तो मिलिमीटर हातचा जातो. एक्सलचा मोठा नट कंपनीने सांगितलेल्या टॉर्कलाच, आणि तो कसल्याशिवाय गाडीचं वजन चाकावर टाकायचं नाही.

मजुरीबद्दल गॅरेजवाल्यांशी नीट बोला. पिन घेऊन जा, त्यांच्यासमोरच दाखवा. डोळ्यांदेखत दिसल्यावर बरेच जण मजुरी सोडतात. बेअरिंगचे पैसे कोणी द्यायचे ते तुमच्या-त्यांच्या संबंधांवर, त्यात मी पडत नाही.

काम झाल्यावर कोड पुसा आणि ट्रायल मारा. तुम्ही गाडी चालवा, स्कॅनर शेजारच्याच्या हातात. सरळ रस्त्याला १०, २०, ४० च्या वेगाला चारही आकडे जवळपास सारखे चालायला हवेत. वळणावर बाहेरची चाकं थोडी पुढे असणार, ते बरोबरच आहे. काही गाड्यांत दुरुस्ती झाली तरी थोडं अंतर चालेपर्यंत दिवा विझत नाही, तेव्हा गेटमध्येच निराश होऊ नका.

तुमच्यासारखेच दिवे पण बेअरिंग बदललेलं नाही, असे वाचणारेही असतील. त्यांच्यासाठी थोडक्यात: इंजिन मिसिंग करत असेल तरी ट्रॅक्शनचा दिवा लागतो, कारण इंजिनाला ‘दमानं’ म्हणायचं तर ते ऐकण्याच्या स्थितीत हवं, तेव्हा आधी इंजिनाचा कोड बघा. ब्रेक लाइटचा दोनशे-तीनशे रुपयांचा स्विच बिघडला तरी लागतो. बॅटरी म्हातारी झाली की स्टार्टच्या वेळी व्होल्टेज कोसळतं आणि दिव्यांची दिवाळी होते. अलाइनमेंट करून आल्यावर लागला तर स्टिअरिंग अँगल सेन्सरचा शून्य बिंदू हलला असेल, तो स्कॅनरने पुन्हा शिकवावा लागतो. आणि स्टेपनी लावल्यावर लागला तर तिचं माप बघा. मूळ टायर २१५/६० आर १७ आणि स्टेपनी २०५/६५ आर १६ असेल तर व्यासात सुमारे १७ मिलिमीटरचा, म्हणजे अडीच टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. बऱ्याच गाड्या हा फरक चालवून घेतात, काही कुरकुर करतात. नव्या-जुन्या टायरच्या झिजेने पडणारा फरक याहून कमीच असतो, त्यावर लगेच खापर फोडू नका.

घाटाचं. फक्त पिवळे दिवे असतील तर तुमचे साधे ब्रेक पूर्ण काम करतात. गेलंय ते चाक जाम होण्यापासूनचं संरक्षण. पावसात कुंभार्लीच्या वळणावर समोर अचानक ट्रक आला आणि तुम्ही पाय रोवून ब्रेक मारला, तर पुढची चाकं जाम होतील आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाईल. तेव्हा पाय क्षणभर ढिला करून पुन्हा दाबायचा, हे मनात घोकून ठेवावं लागतं, आणि एबीएसची सवय लागलेल्या पायाला ते ऐन वेळी सुचत नाही. अडलं-नडलं काम असेल तर दिवसा, कोरड्या रस्त्याला, खालच्या गिअरमध्ये, चढावर हँडब्रेक धरून जा. रात्री-पावसात मी स्वतः जाणार नाही, एसटीने जाईन. आणि पिवळ्यांबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला तर मागच्या-पुढच्या चाकांतली ब्रेकची वाटणीही गेलेली असू शकते, ऑइल कमी झालेलं असू शकतं. मग गाडी हलवायची नाही, टोइंगवाल्याला बोलवा.

राहिलं ते बटण. ते दाबून आत्ता काही फरक पडणार नाही, कारण जे आधीच बंद आहे तेच ते बंद करतं. एबीएसचा दिवा तसाच राहील. त्याचा खरा उपयोग दुरुस्तीनंतर, तुमच्याकडच्या लाल मातीत. गाडी रुतली आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही इंजिन जोरच घेईना, तर ट्रॅक्शन कंट्रोलच हात आखडता घेत असतं. तेव्हा बटण दाबा, चाक थोडं फिरू द्या, पुढे-मागे झोके देत गाडी बाहेर काढा, आणि डांबरीवर आलात की पुन्हा चालू करा. पिनेची टेस्ट केल्यावर चिकटली की नाही ते कळवा, मग पुढचं बघू.